अंगठा आणि अंगण

परवा कपाट आवरताना एक जुनं कोरं प्रगतिपुस्तक सापडलं. १९७५ च्या सुमारास मी इथे नागपुरात पहिलीला शिकवत होते, तेव्हा पालकांच्या सहीच्या जागी बरेचदा अंगठाच असे. एक आई म्हणाली, "बाई, याच्यात काय लिहून आहे ते सांगा ना." मी गुण वाचून दाखवले. "ते नाही. पोरगा बोलते का शाळेत?" मला सांगता येईना! पन्नास पोरांत त्याचा आवाज मी ऐकलाच नव्हता.

ताराबाई मोडकांबद्दल वाचलेलं आठवलं. १९४५ मध्ये त्यांनी बोर्डीला, तेव्हाच्या ठाणे जिल्ह्यात, अनुताई वाघांच्या साथीने बालशिक्षण सुरू केलं. वस्तीतली मुलं येईनात, म्हणून वर्गच वस्तीच्या अंगणात नेला. अंगणवाडी ती हीच. लेकरू काय शिकतं ते आईला घरूनच दिसायचं, वेगळा निरोप कशाला?

(गुणांऐवजी वर्णनात्मक नोंदी आपल्याकडे २०१० मध्ये आल्या. मी तोवर निवृत्त!)

त्याच संध्याकाळी त्या मुलाच्या घरी गेले. अंगणात तो धाकट्या बहिणीला रागावत होता, अगदी माझ्याच आवाजात.