बायजाबाईंची पेढी

राम घाटावर शिप्रेचे स्नान, मग हरसिद्धी, महाकाळ, आणि शेवटी भर बाजारातले गोपाळ मंदिर. उज्जैनला गेलेल्या मराठी यात्रेकरूचा क्रम साधारण असाच असतो. हे मंदिर ग्वाल्हेरच्या बायजाबाई शिंदे यांनी बांधले, एवढे तिथे हमखास सांगितले जाते. याच शहरात त्यांच्या सावकारी पेढ्या होत्या, हे मात्र क्वचितच कानी येते. त्या पेढ्या समजल्याशिवाय बायजाबाई समजत नाहीत. ग्वाल्हेरचा कारभार त्यांच्या हाती जेमतेम सहा वर्षे होता. त्यानंतरची बरीच वर्षे धोलपूर, आग्रा, फतेहगड, अलाहाबाद, नाशिक, उज्जैन अशी बिऱ्हाडे हलवण्यात गेली. एवढ्या स्थलांतरांत घर उघड्यावर पडले नाही, ते त्यांनी पैशाची तजवीज आधीच केलेली होती म्हणून.

उज्जैनशी शिंद्यांचा संबंध मराठ्यांच्या माळव्यातल्या पहिल्या पिढीपासूनचा. राणोजी शिंद्यांनी इथे ठाणे केले. त्यांचे दिवाण रामचंद्रबाबा सुखठणकर यांनी महाकाळाचे मंदिर पुन्हा उभे केले. सरदारांमागून कारकून आले, भिक्षुक आले, शिलेदार आले. त्यांची वतने आणि घरे दख्खनेत राहिली, मिळकत मात्र माळव्यात होऊ लागली. आईबापांना खर्चाला पाठवायचे, मुलीच्या लग्नाची रक्कम पोचवायची, तर रोकड घेऊन सातपुडा ओलांडणे हे जिवावरचे काम. त्यावर तोड म्हणजे हुंडी. उज्जैनच्या पेढीवर पैसे भरायचे, चिठ्ठी घ्यायची आणि पुण्याच्या आडत्याकडे ती वटवायची. दर्शनी हुंडी दाखवताच पैसे मिळत, मुदती हुंडीला ठरलेले दिवस थांबावे लागे. हुंडणावळ द्यावी लागे ती वेगळीच. शिवाय गावोगावच्या टाकसाळींचे रुपये निराळे, त्यामुळे एकाच्या बदल्यात दुसरा घेताना बट्टा बसे. इथून किती पैसे निघाले आणि पलीकडे किती पोचले, यांत फरक पडायचाच.

जुलै 1801 मध्ये यशवंतराव होळकरांनी उज्जैनला शिंद्यांच्या फौजेचा पराभव केला. शहराला त्याची जबर किंमत मोजावी लागली. 1810 मध्ये दौलतराव शिंद्यांनी ग्वाल्हेरच्या किल्ल्याखाली कायमचा तळ दिला आणि त्या छावणीचेच लष्कर हे शहर झाले. दरबार उज्जैनहून गेला, पण सावकार गेले नाहीत. त्यांना धरून ठेवले ते अफूने. शेतकऱ्याला पिकाआधी उचल द्यायची, माल गोळा करायचा, मुंबई किंवा दमणच्या वाटेने तो चीनकडे रवाना व्हायचा. या साखळीच्या प्रत्येक कडीला भांडवल लागे आणि ते उज्जैनमध्ये मिळे. ईस्ट इंडिया कंपनीने हा व्यापार मुठीत घेण्याचा खटाटोप बरीच वर्षे केला. अखेर 1830च्या सुमारास मुंबईला जाणाऱ्या मालाला परवाने देऊन जकात घेण्यावर तिला समाधान मानावे लागले.

या बाजारात बायजाबाई उतरल्या. त्या कागलच्या सर्जेराव घाटग्यांची कन्या. 1798 मध्ये पुण्यात दौलतरावांशी त्यांचे लग्न झाले. सासर नावाने मोठे, पण कायम तंगीत असलेले. 1809 मध्ये दौलतरावांच्या छावणीसोबत फिरलेल्या टॉमस ब्रॉटन या इंग्रज अधिकाऱ्याच्या पत्रांत, तुंबलेल्या पगारासाठी धरणे धरून बसणाऱ्या पलटणींचे उल्लेख आहेत. सरदाराची दौलत सावकाराच्या वहीवर उभी असते, हे तरुण बायजाबाईंनी असे डोळ्यांसमोर पाहिले होते. मग सावकारी आपल्याच हाती का असू नये? उज्जैनमधल्या नाथजी किशनदास आणि नाथजी भगवानदास या पेढ्या त्यांच्या होत्या. हुंड्यांचा व्यवहार, व्याजबट्टा आणि अफूच्या व्यापारातली गुंतवणूक यांत त्यांचा पैसा फिरत असे. पडद्याआडच्या राणीचा हा फावल्या वेळचा उद्योग नव्हता. तो मुरलेल्या सावकाराचा कारभार होता.

मार्च 1827 मध्ये दौलतराव वारले. त्यांना पुत्र नव्हता. बायजाबाईंनी जनकोजीला दत्तक घेतले आणि कारभार स्वतः पाहू लागल्या. काशीतल्या ज्ञानवापीची दगडी खांबांची ओवरी त्यांनी याच काळात, 1828 मध्ये बांधली. तिथला शिंदे घाटही त्यांचाच. यात भक्ती होती, यात शंका नको. पण असे काम काढायचे म्हणजे काशीच्या पेढ्यांवर पैशाची ये-जा सुरू ठेवावी लागते. ती वाट आधीपासून चालती होती, म्हणूनच पुढे अडचणीच्या काळात त्यांचे लक्षावधी रुपये काशीत असू शकले.

अडचण आली ती जुलै 1833 मध्ये. वयात आलेल्या जनकोजीच्या बाजूने फौज उठली आणि बायजाबाईंना ग्वाल्हेर सोडावे लागले. धोलपूर, आग्रा करत त्या फतेहगडला पोचल्या. 1835 मध्ये फॅनी पार्क्स ही इंग्रज प्रवासिनी त्यांना तिथे भेटली. नात गजराराजा, मानकरी, दासी, घोडी असा लवाजमा पदरी होता आणि राहणे तंबूंत. एवढ्या माणसांचा रोजचा शिधा, घोड्यांची चंदी आणि चाकरांचे पगार राज्य गेल्यावर भागवायचे, तर गाठीला स्वतःचे काही हवेच. नेमक्या त्याच पैशावर वाद झाला. काशीतली रक्कम बाईंची खासगी की ग्वाल्हेरच्या खजिन्यातली? कंपनी सरकारने ती अडकवून ठेवली.

इथे बाईंचीही एक बाजू लंगडी पडते, हे मान्य करायला हवे. शेजारी होळकरांकडे राजस्त्रियांची खासगी आणि राज्याची दौलत यांचा हिशेब वेगळा ठेवण्याची जुनी रीत होती. बायजाबाईंच्या हाती राज्य आणि पेढी एकाच वेळी आली आणि सीमा पुसट झाली. पण राज्यातून घालवलेल्या बाईचा पैसा धरून ठेवायचा आणि तिने कुठे राहावे तेही आपणच ठरवायचे, हा कंपनीचा व्यवहार न्यायाचा नव्हता. वर्षाला चार लाखांची नेमणूक घ्या आणि दख्खनेत जाऊन राहा, असा कंपनीचा आग्रह होता. बाईंनी बरीच वर्षे तो मानला नाही. आधी फतेहगड, मग अलाहाबाद असा मुक्काम त्यांनी लांबवला. शेवटी 1840च्या सुमारास त्यांनी नाशिकला गोदावरीकाठी बिऱ्हाड केले.

1843 मध्ये जनकोजी निपुत्रिक वारले आणि जयाजीराव गादीवर आले. बाईंना परतीची वाट मोकळी झाली. 1847 ते 1856 त्या उज्जैनला राहिल्या. ज्या शहरात त्यांच्या पेढ्या होत्या, तेच त्यांचे घर झाले. पुढे त्या ग्वाल्हेरला गेल्या आणि 1863 मध्ये तिथेच वारल्या.

इतिहासकारांनी त्यांचे दरबारी राजकारण बरेच लिहिले आहे. मराठीत त्यांच्या सावकारीवर तेवढे लिहिले गेलेले नाही. उज्जैनला जाणाऱ्या वाचकाने गोपाळ मंदिर जरूर पाहावे, आणि ते बांधणारी बाई नाथजी किशनदास, नाथजी भगवानदास या दोन पेढ्यांची मालकीण होती, हे सोबतच्यांनाही सांगावे.