फळमाशीच्या सापळ्याची गोष्ट



पेरू वरून पिवळाधमक, पण कापला की आत अळ्या वळवळतात. पुरंदरच्या बागांतून पुण्याच्या गुलटेकडी मार्केट यार्डात माल पाठवणाऱ्या आपल्या बायकांना हे दुखणं चांगलं माहीत आहे. फळमाशीची मादी सालीखाली अंडी घालते. अळी गरात वाढते, त्यामुळे वरून फवारलेलं औषध तिच्यापर्यंत नीट पोहोचत नाही. म्हणून आता झाडाला गंध सापळे टांगतात. विकतचा असो की घरच्या प्लास्टिकच्या बाटलीचा, त्या डब्यामागे मोठा इतिहास आहे. तो कळला, तर सापळा कसा वापरायचा हेही कळतं.

गोष्ट सुरू होते बिहारमधल्या पुसा इथल्या कृषी संशोधन संस्थेत. तिथे हॉवलेट नावाचे इंग्रज कीटकशास्त्रज्ञ काम करत होते. डासांना पळवायला तेव्हा सिट्रोनेला हे गवताचं तेल वापरत. डास पळत, पण फळमाश्या मात्र त्या वासावर धावून येत. नवल म्हणजे येणारे सगळे नर! 1912 साली हॉवलेट यांनी हे लिहून ठेवलं आणि 1915 पर्यंत त्या तेलातलं नेमकं द्रव्य शोधलं. त्याचं नाव मिथाईल युजेनॉल. आपल्या अंगणातल्या तुळशीतही ते असतं.

नराला या वासाचं एवढं वेड का? तो हे द्रव्य चाटतो आणि त्यापासून अंगात स्वतःचा गंध तयार करतो. त्या गंधाने मादी त्याच्याकडे येते. म्हणून मिथाईल युजेनॉलचा थेंब दिसला की नर तिथे जाणारच. त्याच थेंबाजवळ कीटकनाशक ठेवलं, की नर मरतो. फळावर विषाचा शिंतोडाही पडत नाही.

पण डब्यात माश्यांचा ढीग दिसला म्हणून फळं वाचली, असं समजू नका. डब्यात पडतात ते नर. अंडी घालते मादी, आणि ती या वासाला येत नाही. शिवाय एक नर अनेक माद्यांना पुरतो. थोडे नर उरले तरी अंडी फळतात. म्हणजे जवळजवळ सगळे नर संपले, तरच उपयोग.

हे खरंच करून दाखवलं ते प्रशांत महासागरातल्या रोटा नावाच्या छोट्या बेटावर. 1962-63 मध्ये अमेरिकेच्या शास्त्रज्ञांनी मिथाईल युजेनॉल आणि कीटकनाशकात भिजवलेले तुकडे विमानातून सगळ्या बेटावर टाकले, तेही पुन्हा पुन्हा. तिथली फळमाशी नाहीशी झाली. एक शेत धरलं नाही, अख्खं बेट धरलं, म्हणून जमलं.

आपल्याकडे दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठाने आंब्यासाठी ‘रक्षक’ सापळा तयार केला. त्याची गरज किती होती ते 2014 साली दिसलं. भारतातून गेलेल्या मालात फळमाशी आणि इतर किडी सापडल्या, म्हणून युरोपीय संघाने 1 मेपासून आपला आंबा बंद केला. सोबत वांगी, कारली, पडवळ आणि अळूही अडकले. ऐन हंगामात हापूसवाल्यांची बाजारपेठ गेली. आंब्यावरची बंदी पुढच्या वर्षी, 2015 मध्ये उठली. ज्यांची फळं स्वच्छ होती, त्यांनाही तोवर थांबावं लागलं. माशी बांध ओळखत नाही, आणि बंदीही कुणाच्या एकट्याच्या शेताकडे पाहत नाही.

म्हणून माझं सांगणं असं, की सापळा ही एकटीची खरेदी नको, गटाची असू द्या. तुम्ही सापळे लावले आणि शेजारच्या बागेत काहीच नसलं, तर तिकडून अंड्यांवर आलेली मादी तुमच्याच पेरूवर बसणार. गटाच्या बैठकीत शिवारातल्या बागांची यादी करा, सापळे एकत्र मागवा आणि फळं पक्व होण्याआधीच एकाच आठवड्यात सगळीकडे लावा. एकरी किती लावायचे आणि आतला ठोकळा कधी बदलायचा, ते सहायक कृषी अधिकाऱ्यांना विचारून घ्या.

आणखी दोन गोष्टी. कारली, दोडका, काकडी यांच्यावरची फळमाशी वेगळी. ती मिथाईल युजेनॉलला येत नाही, तिच्यासाठी दुकानात ‘क्यू-ल्युर’ मागायचं. आणि गळलेली, किडकी फळं झाडाखाली ठेवू नका. अळी त्यातून निघून मातीत कोष करते आणि नवी माशी होऊन वर येते. फळं रोज गोळा करून खोल पुरा. हे काम बहुतेक घरांत आपणच करतो, तेव्हा त्याचं वेळापत्रकही आपणच ठरवू.

पुढच्या बैठकीत हा विषय जरूर घ्या.