मनाला समजावण्याची विद्या



या स्मृतिव्याख्यानासाठी मी निवडलेला विषय वरकरणी तत्त्वज्ञानाचा असला, तरी वस्तुतः तो संसाराचा आहे. थोर विचार दुःखी माणसाच्या हाती कसा पोचतो, एवढाच माझा प्रश्न आहे.

इसवी सनाच्या पहिल्या शतकात रोममध्ये एपिक्टेटस नावाचा एक गुलाम होता. मुक्त झाल्यावर पुढे त्याने ग्रीसमधील निकोपोलिस येथे पाठशाळा चालविली. माणसाला घटना तितक्या छळत नाहीत, जितक्या त्या घटनांविषयीच्या त्याच्या समजुती छळतात, ही त्याची शिकवण. ती स्टोइक परंपरेत शतकानुशतके टिकली. परंतु रोग्याच्या उपयोगी पडायला तिला विसाव्या शतकाची वाट पाहावी लागली. न्यूयॉर्कचे अल्बर्ट एलिस मनोविश्लेषणाचा मार्ग सोडून १९५५ साली नव्या उपचारपद्धतीकडे वळले. तिचे ऋण त्यांनी एपिक्टेटसकडे मोकळेपणाने मान्य केले. मुंबईचे प्रा. कि. मो. फडके यांनी १९६८ पासून एलिस यांच्याशी दीर्घ पत्रव्यवहार करून ही विद्या आत्मसात केली आणि मराठी वाचकांना तिचा परिचय करून दिला.

आपल्याकडे ही भूमी नांगरलेली होतीच. समर्थांचे २०५ मनाचे श्लोक आपल्यापैकी अनेकांना मुखोद्गत आहेत; त्यांत संबोधन आहे ते स्वतःच्या मनालाच. मग नवे ते काय? नवी आहे ती रीत. एलिस उपदेशावर थांबत नाहीत. घटना, तिच्याविषयीची समजूत आणि परिणाम असे तीन भाग वेगळे करून ते समजुतीची उलटतपासणी करावयास लावतात आणि घरी करावयाचा अभ्यासही नेमून देतात.

पांढुर्णा-सौंसरचेच उदाहरण घेऊ. गारपिटीने संत्र्याचा आंबिया बहार झडला. हानी खरी, दुःखही रास्त. परंतु ‘माझे सारे संपले, मी कुचकामी ठरलो’ हा निष्कर्ष गारांनी आणलेला नाही. तो मनाने जोडलेला आहे. एक हंगाम बुडाला म्हणून माणूस बुडाला, याला पुरावा काय, असे त्याला विचारता येते. हा प्रश्न वेळीच विचारला गेला, तर एखादे घर उघडे पडण्यापासून वाचू शकते.

येथे दोन मर्यादा सांगणे मी कर्तव्य समजतो. कर्ज, पडलेला भाव आणि विम्याची रक्कम यांचे प्रश्न विचार बदलून सुटत नाहीत. त्यांसाठी भांडावेच लागते. स्टोइकांची समबुद्धी म्हणजे अन्यायापुढे मान तुकविणे नव्हे. दुसरी मर्यादा तीव्र मनोविकारांची. सौंसरजवळच्या जामसावळीच्या हनुमान मंदिरात भूतबाधेच्या समजुतीने रुग्णांना आणणारी कुटुंबे मी उपहासाने पाहत नाही. आपल्या माणसाला टाकून न देता ती त्याला घेऊन येतात, हेच त्यांचे मोठेपण. मात्र दर्शनाबरोबर मनोविकारतज्ज्ञाची भेटही घडली पाहिजे. मानसिक आरोग्यसेवा मिळणे हा २०१७ च्या कायद्याने प्रत्येकाचा हक्क ठरला आहे.

२०२३ मध्ये पांढुर्णा स्वतंत्र जिल्हा झाला. जिल्ह्याच्या ठिकाणी कचेऱ्या येतात, त्यांबरोबर मनाचा दवाखानाही यावा. आणि शाळांनी मुलांना श्लोक पाठ करवून घेताना मनाला प्रश्न कसा विचारावा, हेही शिकवावे. पाठांतराने विचार जिभेवर राहतो. सरावाने तो अडचणीच्या दिवशी हाताशी येतो.