एका ‘एच’ची गोष्ट आणि पतसंस्थेची वेबसाइट

गेल्या महिन्यात आपल्याकडच्या एका पतसंस्थेच्या वेबसाइटचं काम माझ्याकडे आलं. साइट जुनी, बनवणारा मुलगा नोकरीला बाहेरगावी गेलेला. कोड उघडून बघतो तर पानापानावर एकच अक्षर, एच. एच, मग कंस, कंसात काहीतरी हॅश आणि टिंबं, पुन्हा एच. मला हसूच आलं, कारण हे अक्षर माझ्या जुन्या ओळखीचं आहे. त्याच्यामागे एक इतिहास आहे आणि तो कोड न लिहिणाऱ्यांच्याही कामाचा आहे. पोस्ट लांब होणार, मंडळी. चहा घेऊन बसा.

आधी थोडं प्राथमिक. वेबपानाचा सांगाडा एचटीएमएलचा असतो: इथे मथळा, इथे परिच्छेद, इथे यादी. त्यावरचा रंग, माप, मांडणी हे सीएसएसचं काम. होकोन विउम ली या नॉर्वेच्या माणसाने १० ऑक्टोबर १९९४ ला, सर्नमध्ये काम करत असताना, सीएसएसचा पहिला प्रस्ताव मांडला. डिसेंबर १९९६ मध्ये त्याचं पहिलं प्रमाण आलं. आता रंग द्यायचा म्हटलं तर कोणाला द्यायचा हे सांगावं लागतं. त्यासाठीच्या खुणांना सिलेक्टर म्हणतात. हॅशची खूण एकट्याची, आधार नंबरासारखी. टिंबाची खूण गटाची, रेशनकार्डाच्या रंगासारखी, पिवळंवाले सगळे एकत्र.

म्हणजे सिलेक्टर जन्माला आला तो पानात आधीपासून असलेली वस्तू शोधायला. पुढे काही आळशी (मी हा शब्द कौतुकाने वापरतोय) लोकांच्या डोक्यात उलटा विचार आला. ज्या खुणेने वस्तू सापडते, त्याच खुणेने ती नवी का बनवू नये? २००६ मध्ये हॅम्प्टन कॅटलिनच्या हॅमलमध्ये हे दिसलं. मग सर्गेई चिकुयोनोकचं झेन कोडिंग आलं, जे २०१२ पासून एमेट नावाने ओळखलं जातं. आज कुठल्याही क्लासमध्ये वेब शिकणारी पोरं एमेट वापरतात, बहुतेकांना नाव माहीत नसतं.

आणि आपला एच? तो हायपरस्क्रिप्टचा. लिहिणारा डॉमिनिक टार, न्यूझीलंडचा, शिडाच्या बोटीवर राहणारा गडी. लायब्ररी इतकी छोटी की एका बैठकीत वाचून होते. तिला ‘डिव्ह#पान.मोठं’ असा मजकूर दिला की ती हॅश आणि टिंबांपाशी त्याचे तुकडे करते. पहिला तुकडा वस्तूचं नाव. हॅशवाला तुकडा तिची ओळख. टिंबवाला तुकडा तिचा गट. नाव दिलंच नाही तर डिव्ह धरून चालते. एवढं झालं की तयार वस्तू हातात देते. हेच ब्राउझरच्या मूळ भाषेत करायचं तर वस्तू बनवा, ओळख लावा, गट लावा, आत मजकूर घाला, असं दर वस्तूमागे चार-पाच ओळी लिहाव्या लागतात. शंभर वस्तूंच्या पानाला किती होतील, तुम्हीच मोजा.

ही कल्पना पसरली. मिथ्रिल नावाच्या फ्रेमवर्कने सिलेक्टरची तीच पद्धत उचलली. व्ह्यूमध्ये वस्तू बनवणाऱ्या फंक्शनचं नाव आजही एच आहे, आणि ते हायपरस्क्रिप्टवरून आलंय असं त्यांच्याच माहितीपानावर लिहिलेलं आहे.

इथवर सगळं छान. आता पुढचं.

टारने अशा शेकडो छोट्या लायब्ऱ्या लिहिल्या आणि फुकट वाटल्या. त्या काळात एनपीएमच्या जगात रीतच ती होती: एक तुकडा, एक काम. मार्च २०१६ मध्ये तिचा पहिला मोठा झटका बसला. अझर कोचुलु नावाच्या प्रोग्रामरचा एका पॅकेजच्या नावावरून किक कंपनीशी वाद झाला, एनपीएमने नाव कंपनीला दिलं, आणि त्याने चिडून आपली सगळी पॅकेजं काढून घेतली. त्यात लेफ्टपॅड होतं, ११ ओळींचं. त्यावर उभ्या असलेल्या हजारो प्रकल्पांची कामं काही तास अडली.

पण लेफ्टपॅडमध्ये कोणाचं काही चोरीला गेलं नाही. २०१८ मध्ये टारच्याच घरात घडलं ते जास्त गंभीर. त्याची इव्हेंट-स्ट्रीम नावाची एक जुनी लायब्ररी होती. आठवड्याला सुमारे २० लाख डाउनलोड, आणि टारला त्यातून एक पैसा नाही. तो स्वतः ती वर्षानुवर्षं वापरतही नव्हता. एका अनोळखी माणसाने ईमेल केला की मी सांभाळतो. टारने चावी दिली. त्या माणसाने सप्टेंबरमध्ये तिच्याखाली स्वतःचं एक नवं पॅकेज जोडलं आणि ऑक्टोबरमध्ये त्यात विष घातलं. ते फक्त कोपे या बिटकॉइन वॉलेटमध्ये जागं होणारं होतं, आणि तिथेही १०० बिटकॉइनपेक्षा जास्त असलेल्यांच्या चाव्या चोरण्यासाठी. इतका नेम धरलेला! सापडलं कसं? एक जुनं फंक्शन वापरल्याची किरकोळ सूचना स्क्रीनवर येत होती, ती कुठून येते म्हणून एकाने खोदून पाहिलं. नोव्हेंबर उजाडला होता.

लोकांनी टारला शिव्या घातल्या. माझं स्पष्ट मत आहे की त्या चुकीच्या पत्त्यावर गेल्या. गावाची विहीर एकट्याने खणली, सगळ्यांनी पाणी भरलं, गाळ काढायला कोणी आलं नाही. दमून त्याने रहाट पहिल्या येणाऱ्याच्या हाती दिला, तर जाब फक्त त्यालाच विचारायचा? २०२४ मध्ये एक्सझेडचं तेच झालं. थकलेला एकटा सांभाळणारा, मदतीला आलेला गोडबोल्या अनोळखी. अँड्रेस फ्रॉइंडला लॉगिनला अर्धा सेकंद जास्त लागतोय हे खटकलं म्हणून जग वाचलं.

थोडं बदलतंय. जर्मनीने २०२२ मध्ये अशा कोडच्या देखभालीसाठी सरकारी निधी उभा केला. आपल्याकडे झिरोधाने २०२४ मध्ये वर्षाला १० लाख डॉलर द्यायचं जाहीर केलं. पण मी आजवर पाहिलेल्या स्थानिक टेंडरांत वार्षिक देखभालीची ओळ असते ती कंपनीच्या माणसासाठी. साइटच्या पोटात काय काय आहे, ते कोण सांभाळतं, याची यादी कोणी मागितल्याचं मला आठवत नाही.

तर, पतसंस्था. एच मी काढला नाही, त्याला काही झालेलं नाही. पण आतल्या सगळ्या पॅकेजांची यादी छापली. ती टेबलाच्या कडेवरून खाली लोंबली. अध्यक्ष म्हणाले, “हे सगळं आपण विकत घेतलंय का?” म्हटलं, नाही साहेब, सगळं फुकट. ते खूश झाले. मग मी कोटेशनमधली शेवटची ओळ दाखवली: दर तीन महिन्यांनी ही यादी तपासणे, आणि सांभाळणाऱ्यांना वर्षाला एक छोटी रक्कम. “फुकटच्या वस्तूला पैसे कशाला?” म्हणत त्यांनी पेन काढलं. मी इव्हेंट-स्ट्रीमची गोष्ट सांगितली. ठेवीदारांचा विषय निघाल्यावर पेन थांबलं.

ओळ अजून खोडलेली नाही, मंजूरही नाही. मंगळवारी संचालकांची मीटिंग आहे.