वेगाला हक्काची जागा : ब्रुकलँड्स ते इरुंगट्टुकोट्टई

शर्यतीचा परवाना नसलेल्या, एरवी रस्त्यावरच मोटारसायकल चालवणाऱ्या सामान्य माणसाला ठरावीक शुल्क भरून शर्यतीच्या बंदिस्त मार्गावर आपली गाडी चालवू देण्याच्या प्रथेला ‘ट्रॅक डे’ म्हणतात. त्या दिवशी कोणाचा क्रमांक लागत नाही आणि कोणाला करंडक मिळत नाही. गाडीची आणि स्वतःची मर्यादा अशा ठिकाणी जोखायची की जिथे समोरून ट्रक येणार नाही आणि रस्त्यात कोणी आडवे येणार नाही, एवढाच त्याचा हेतू असतो. ही प्रथा वरवर आधुनिक हौस वाटत असली, तरी तिची मुळे शतकाहून जुनी आहेत आणि ती शर्यतींच्या इतिहासात जितकी आहेत तितकीच जमिनीच्या आणि कायद्याच्या इतिहासात आहेत. वेगाला रस्त्यापासून वेगळी, हक्काची जागा जिथे आणि जेव्हा मिळाली, तिथे आणि तेव्हाच ही प्रथा रुजली. इंग्लंड आणि भारत या दोन्ही देशांत हा क्रम दिसतो.

इंग्लंडमध्ये 1903 च्या मोटार कायद्याने रस्त्यावरील वेगाची कमाल मर्यादा ताशी 20 मैल, म्हणजे सुमारे 32 किलोमीटर, ठरवली. सार्वजनिक रस्ता शर्यतीसाठी बंद करण्याची मुभाही तिथल्या कायद्यात नव्हती. या अडचणीतून दोन वाटा निघाल्या. पहिली वाट आइल ऑफ मॅन या बेटाकडे गेली. बेटाला टिनवाल्ड नावाचे स्वतःचे विधिमंडळ असल्याने रस्ते बंद करून शर्यती घेण्याचा कायदा त्याने 1904 मध्ये केला आणि 28 मे 1907 रोजी तिथे मोटारसायकलींची पहिली टुरिस्ट ट्रॉफी, म्हणजेच ‘टीटी’, पार पडली. दुसरी वाट खासगी जमिनीकडे वळली. सरे परगण्यातील वेब्रिजजवळ ह्यू लॉक किंग या जमीनदाराने आपल्या मालकीच्या जागेवर स्वखर्चाने ब्रुकलँड्स हा मार्ग बांधला आणि तो जून 1907 मध्ये खुला झाला. केवळ मोटारींच्या वेगासाठी मुद्दाम बांधलेला असा मार्ग जगात त्यापूर्वी नव्हता.

ब्रुकलँड्सची बाहेरची फेरी सुमारे पावणेतीन मैलांची, म्हणजे जवळजवळ साडेचार किलोमीटरची होती आणि मार्गाची रुंदी 100 फूट होती. वळणांवर मार्गाची बाहेरची कड आतल्या कडेपेक्षा उंच बांधलेली असे. अशा उतरत्या बांधणीमुळे गाडी वेगात असतानाही बाहेर फेकली जात नाही. काही ठिकाणी ही उंची जवळपास 30 फुटांपर्यंत गेली होती. संपूर्ण मार्ग काँक्रीटचा होता. पुढे ते काँक्रीट खचून उंचसखल झाले आणि वेगातल्या गाड्या त्यावर अक्षरशः हवेत उडत. या बांधकामाच्या खर्चाने लॉक किंग यांची आर्थिक स्थिती डबघाईला आली आणि कामाची बरीच सूत्रे त्यांच्या पत्नी एथेल यांनी हाती घेतली. या पहिल्या मार्गामागे सरकार नव्हते किंवा एखादा कारखानाही नव्हता, हे ध्यानात घेण्याजोगे आहे. एका कुटुंबाने पदरमोड करून तो उभा केला होता.

मोटारसायकली तिथे 1908 मध्ये धावू लागल्या. पुढच्याच वर्षी ब्रिटिश मोटार सायकल रेसिंग क्लब स्थापन झाला. शर्यतीत ताशी 100 मैलांहून अधिक, म्हणजे सुमारे 161 किलोमीटरच्या सरासरीने एक पूर्ण फेरी मारणाऱ्या चालकाला हा क्लब सोन्याचा तारा असलेला बिल्ला देई. बीएसए कंपनीची ‘गोल्ड स्टार’ ही प्रसिद्ध मोटारसायकल याच बिल्ल्याच्या नावाने 1938 मध्ये बाजारात आली. त्याच्या आदल्या वर्षी वॉल हँडली यांनी बीएसएवर हा मान मिळवला होता. बिल्ला मिळवणाऱ्यांमध्ये बिॲट्रिस शिलिंग यांचेही नाव आहे. व्यवसायाने अभियंता असलेल्या शिलिंग यांनी 1934 मध्ये आपल्या 500 सीसीच्या नॉर्टनवर ही कामगिरी केली आणि दुसऱ्या महायुद्धात लढाऊ विमानांच्या मर्लिन इंजिनाच्या कार्ब्युरेटरमधील गंभीर दोषावर त्यांनीच साधा आणि परिणामकारक उपाय शोधला. आठवडाभर नोकरी करून सुटीच्या दिवशी मार्गावर उतरणारा हौशी चालक हा या इतिहासाचा खरा नायक आहे आणि शिलिंग या त्याचे सर्वांत उजळ उदाहरण होत.

आजच्या ट्रॅक डेचा एक नियम थेट ब्रुकलँड्सपर्यंत मागे नेता येतो. मार्ग सुरू होताच आसपासच्या रहिवाशांनी आवाजाविरुद्ध तक्रारी केल्या आणि प्रकरण न्यायालयात गेले. रात्री गाड्या चालवण्यावर बंधन आले. म्हणून पुढे 24 तासांची शर्यत दोन दिवसांत 12-12 तासांची विभागून घ्यावी लागली. मोटारसायकलींना 1920 च्या दशकात मोठा सायलेन्सर सक्तीचा झाला. माशाच्या शेपटासारखे चपटे टोक असलेला हा डबा ‘ब्रुकलँड्स कॅन’ म्हणून ओळखला गेला. आजही इंग्लंडमधील अनेक मार्गांवर चालकाला आत सोडण्यापूर्वी गाडी उभी ठेवून, इंजिन ठरावीक फेऱ्यांवर नेऊन ध्वनिमापकाने आवाज मोजतात आणि तो ठरवून दिलेल्या डेसिबलच्या पुढे गेला तर चालकाला मार्गावर न उतरताच परत जावे लागते. वेगाला जागा मिळते ती शेजाऱ्यांच्या संमतीने, हा धडा त्या पहिल्या मार्गानेच घालून दिला.

ब्रुकलँड्सवरील शर्यती 1939 मध्ये युद्धामुळे थांबल्या. तिथे विमानांचा कारखाना होताच. युद्धानंतर जागा विकली गेली आणि मार्ग पुन्हा उघडला नाही. मात्र ज्या युद्धाने हा मार्ग हिरावून घेतला, त्यानेच त्याची भरपाईही केली. युद्धकाळात ब्रिटनभर बांधलेली शेकडो विमानतळे 1945 नंतर ओस पडली. त्या काळच्या लष्करी विमानतळाचा आराखडा बहुधा ठरलेला असे : एकमेकांना छेदणाऱ्या तीन धावपट्ट्या आणि त्यांच्या भोवतीने फिरणारा काँक्रीटचा परिघरस्ता. हा परिघरस्ता म्हणजे शर्यतीचा जवळजवळ तयार मार्गच होता. सिल्व्हरस्टोन, थ्रक्स्टन, स्नेटर्टन, कॅसल कूम, गुडवुड हे आज जगभर माहीत असलेले मार्ग मुळात विमानतळ होते. सिल्व्हरस्टोनला 1948 मध्ये पहिली ग्रांप्री झाली तेव्हा गवताच्या गासड्या आणि तेलाची पिंपे मांडून वळणे आखली होती.

या मार्गांवर दीर्घकाळ प्राधान्य होते ते शर्यतींना. सामान्य चालकासाठी ते नियमितपणे खुले होण्यास दोन कारणे घडली आणि दोन्ही पुन्हा रस्त्याशीच निगडित होती. ब्रिटनमध्ये 1965 मध्ये मोकळ्या रस्त्यांवरही ताशी 70 मैलांची मर्यादा प्रथम प्रायोगिक म्हणून आली आणि 1967 मध्ये कायम झाली. दुसरीकडे गाड्यांची क्षमता मात्र वाढतच गेली. होंडाची फायरब्लेड 1992 मध्ये आणि यामाहाची आर वन 1998 मध्ये आली, तोवर दुकानातून विकत घेतलेली मोटारसायकल पहिल्या गिअरमध्येच कायद्याची मर्यादा ओलांडू लागली होती. शनिवार-रविवारी शर्यती आणि उरलेला आठवडा रिकामा, अशी मार्गमालकांचीही अडचण होती. चालकाची गरज आणि मालकाचा हिशेब जुळले आणि 1990 च्या दशकात ट्रॅक डे हा तिथे स्वतंत्र व्यवसाय झाला. शिकवणीची परंपरा याच्या थोडी आधीची आहे. कीथ कोड यांनी अमेरिकेत 1980 मध्ये कॅलिफोर्निया सुपरबाइक स्कूल सुरू केले आणि वळण घेणे ही अंगभूत धाडसाची नव्हे, तर पायरीपायरीने शिकण्याची गोष्ट आहे हा विचार रुजवला.

भारतातील कथा याच वळणाने, पण उशिरा आणि अधिक कष्टाने गेली. मद्रास मोटर स्पोर्ट्स क्लबची स्थापना 1953 मध्ये झाली. त्याच्या शर्यतींची जागा होती मद्रासच्या उत्तरेला, कलकत्त्याकडे जाणाऱ्या महामार्गालगतची शोलावरमची धावपट्टी. तीही दुसऱ्या महायुद्धातच बांधलेली आणि युद्धानंतर विनावापर राहिलेली होती. वर्षाचे बाकीचे दिवस ओसाड असणाऱ्या त्या काँक्रीटवर शर्यतीच्या दिवसांत हजारोंची गर्दी लोटत असे. जावा, येझदी, बुलेट, राजदूत या रस्त्यावरच्याच गाड्या घेऊन चालक उतरत. स्पर्धेसाठी वेगळी गाडी आयात करणे त्या काळच्या निर्बंधांत जवळजवळ अशक्य होते. त्यामुळे दिवे, आरसे आणि मडगार्ड उतरवायचे, इंजिनाचे पोर्ट कानशीने घासून मोठे करायचे, गिअरचे दाते बदलायचे आणि त्याच गाडीवर शर्यत लढवायची, असा रिवाज पडला. गॅरेजमधील मेकॅनिक हाच तिथला संशोधक होता.

परदेशी सहकार्याने बनलेल्या 100 सीसीच्या गाड्या 1980 च्या दशकात आल्या आणि चित्र पालटले. टीव्हीएसची इंड-सुझुकी, हिरो होंडा, पुण्याच्या बजाजची कावासाकी आणि एस्कॉर्ट्सची यामाहा आरएक्स 100 यांच्यात बाजारपेठेत जी चुरस होती, तिला शर्यतीचे मैदान हवे होते. टीव्हीएसने 1982 मध्येच स्वतःचा शर्यतविभाग उभारला. त्याच सुमारास, 1983 मध्ये, राजदूत 350 ही दोन सिलिंडरची टू-स्ट्रोक गाडी आली. ती रस्त्यावर महागडी आणि पेट्रोल पिणारी म्हणून फारशी खपली नाही, पण शर्यतवेड्यांच्या एका पिढीने तिला डोक्यावर घेतले.

तथापि उसन्या जागेची मर्यादा उघड होती. धावपट्टी विमानासाठी बांधलेली असते. तिच्यावर लांब सरळ पट्टा मिळतो, परंतु वळणांची रचना, गाडी घसरल्यास थांबण्यासाठी लागणारा मोकळा पट्टा, प्रेक्षकांचे अंतर यांपैकी काहीही चालकाच्या सोयीने आखलेले नसते. शिवाय कायमची उभारणी करता येत नाही. जे मांडायचे ते शर्यतीपुरते आणि नंतर उचलायचे. म्हणून क्लबने चेन्नईच्या पश्चिमेला, श्रीपेरुंबुदूरजवळ इरुंगट्टुकोट्टई येथे जमीन घेऊन स्वतःचा मार्ग बांधला आणि 1990 मध्ये तो सुरू झाला. सुमारे 3.7 किलोमीटर लांबीचा आणि 12 वळणांचा हा मार्ग भारतातील शर्यतींचे पहिले कायमचे घर ठरला. हौशी लोकांच्या एका क्लबने, सरकारी प्रकल्पाची वाट न पाहता तो उभारला, ही गोष्ट थेट लॉक किंग दांपत्याच्या परंपरेतली आहे आणि तिचे मोल भारतीय क्रीडा-इतिहासात अद्याप पुरेसे ओळखले गेलेले नाही. पुढे कोइमतूरजवळ चेट्टीपालयम येथे दिवंगत मोटारशर्यतपटू एस. करिवर्धन यांच्या नावाने सुमारे 2.1 किलोमीटरचा कारी मोटर स्पीडवे झाला आणि 2011 मध्ये ग्रेटर नोएडात पाच किलोमीटरहून लांब बुद्ध इंटरनॅशनल सर्किट उभे राहिले, जिथे 2023 मध्ये मोटोजीपीची भारतातील पहिली फेरी झाली.

जागा मिळाल्यावरही सामान्य चालकाला योग्य गाडीसाठी आणखी काही वर्षे थांबावे लागले. ती उणीव 2008 मध्ये आलेल्या यामाहा आर 15 ने भरून काढली. अवघ्या 150 सीसीच्या या गाडीची चौकट, द्रवाने थंड होणारे इंजिन आणि सहा गिअर हे सारे वळणांचा विचार करून बेतलेले होते आणि तिची किंमत नोकरदार तरुणाच्या आवाक्याबाहेर नव्हती. पुढे चाकणच्या बजाज कारखान्यात केटीएमची ड्यूक आणि 2014 मध्ये आरसी 390 तयार होऊ लागली. ट्रॅक डेला लागणारी गाडी अशा रीतीने महाराष्ट्रातच बनू लागली.

ट्रॅक डेची आजची रीत पाहिली की या सगळ्या इतिहासाची खूण पटते. सकाळी प्रथम गाडीची तपासणी होते. हेडलाइट आणि इंडिकेटरवर चिकटपट्टी लावतात, कारण गाडी पडल्यास काचेचे तुकडे मार्गावर विखुरता कामा नयेत. आरसे काढतात किंवा झाकतात, म्हणजे चालकाचे लक्ष मागे न राहता पुढे राहते. ऑइलचा बोल्ट तारेने बांधून घेतात, कारण तो सुटून सांडलेले थोडेसे तेलही मागून येणाऱ्याला पाडू शकते. त्यानंतर झेंड्यांचा अर्थ समजावतात : पिवळा म्हणजे पुढे धोका असल्याने ओव्हरटेक नको, लाल म्हणजे सत्र थांबवून सावकाश पिट लेनमध्ये, म्हणजे दुरुस्तीच्या गाळ्यांसमोरच्या मार्गिकेत, परत यायचे. चालकांचे अनुभवानुसार गट पाडतात आणि प्रत्येक गटाला साधारण 15 ते 20 मिनिटांची सत्रे आळीपाळीने देतात. नवख्याला प्रथम शिकवली जाते ती ‘रेसिंग लाइन’ : वळणाच्या बाहेरच्या कडेने येऊन, ब्रेक वळणापूर्वीच संपवून, आतल्या कडेवरील ‘अपेक्स’ या बिंदूला स्पर्श करत पुन्हा बाहेर पडायचे, म्हणजे वळणाची त्रिज्या मोठी होते आणि त्याच वेगाला गाडी कमी झुकवावी लागते. यातील एकही नियम शोभेचा नाही. एकेक नियम कोणाच्या तरी पडण्यातून शिकलेला आहे.

महाराष्ट्राच्या दृष्टीने या इतिहासाला एक बोचरी बाजू आहे. देशातील मोटारसायकल उद्योगाची फार मोठी परंपरा आकुर्डी, चाकण आणि वाळूज या पट्ट्यात घडली. तरीही पुण्या-मुंबईच्या चालकांच्या पिढ्यांना मार्गावर उतरण्यासाठी गाडी टेम्पोत चढवून हजार किलोमीटरहून अधिक अंतरावरील चेन्नई गाठावी लागली आहे. दुसरीकडे मुंबईच्या रस्त्यांवर रात्री होणाऱ्या बेकायदा शर्यतींवर पोलिसांना वारंवार कारवाई करावी लागते आणि त्यांत तरुण मुले, तसेच कोणताही संबंध नसलेले पादचारी, जीव गमावतात. हे दोन प्रश्न एकच आहेत. वेगाची ओढ कायद्याने नाहीशी होत नाही, हे 1903 च्या कायद्यानंतर चारच वर्षांत इंग्लंडने ओळखले होते आणि त्या ओढीला कुंपण, झेंडा, डॉक्टर व शिक्षक असलेली जागा देण्याचे काम तिथे एका जमीनदाराने, तर भारतात मद्रासच्या एका क्लबने केले. दंडाची पावती तरुणाला एका रात्रीपुरती थांबवते. ब्रेक कुठे सोडायचा आणि वळण कुठे सुरू करायचे हे मात्र त्याला मार्गावरच शिकता येते आणि ते शिकलेला चालक घरी परतताना रस्त्यावर अधिक संयमाने गाडी चालवतो, असे ट्रॅक डेचे शिक्षक आग्रहाने सांगत आले आहेत. गाड्या बनवणाऱ्या या राज्याने त्यांच्या वेगालाही हक्काची जमीन द्यावी, ही मागणी म्हणूनच हौशी लोकांचा हट्ट नसून सार्वजनिक सुरक्षिततेची गरज ठरते.