कर्ता कुठे गेला?

आठवीतला पावसाळा. मुळशीचा पाऊस एकदा लागला की पाच-पाच दिवस डोकं वर काढू देत नाही. खाचरांत आवण चाललेली, कोपऱ्यात निथळत ठेवलेली इरली, चुलीपाशी वाळत घातलेली घोंगडी आणि गेलेली वीज. पडवीतल्या खांबाला टेकून आजी बसायची. तिच्यासमोर कंदील आणि कंदिलासमोर मी, इंग्रजीचं पुस्तक उघडून.

आमच्या घरी एक नियम होता. इंग्रजीचा धडा मोठ्याने वाचायचा आणि वाचून झाला की आजीला मराठीत सांगायचा. आजीला अक्षरओळख नव्हती, सहीच्या जागी ती अंगठा उठवायची. पण मी कुठे अडखळलो, कुठे न समजता पुढे रेटलं, हे तिला अचूक कळायचं. "हितं तुला कळल्यालं न्हाई. परत वाच," म्हणायची. शाळेतल्या सगळ्या परीक्षांपेक्षा ती परीक्षा मला अवघड वाटायची.

त्या दिवशी सरांनी वर्गात 'व्हॉइस' शिकवला होता. 'राम किल्ड रावण' याचं 'रावण वॉज किल्ड बाय राम'. कर्म पुढे आणायचं, कर्ता 'बाय' लावून मागे ठेवायचा. आणि कर्ता माहीत नसेल किंवा सांगायची गरज नसेल, तर 'बाय'सकट गाळला तरी चालतो. घरी करून आणायला सरांनी सांगितलं होतं: आपल्या भागाबद्दलची पाच वाक्यं लिहा आणि त्यांचा व्हॉइस बदला.

मी लिहिलं, 'द कंपनी बिल्ट अ डॅम.' मग बदललं, 'अ डॅम वॉज बिल्ट.' दुसरं लिहिलं, 'द कंपनी टुक द लँड.' ते झालं, 'द लँड वॉज टेकन.' आजीला सांगितलं, "धरण बांधलं गेलं. जमीन घेतली गेली."

आजी म्हणाली, "कुनी?"

मी म्हणालो, "ते नाही लिहिलं तरी चालतं, आजी. पुस्तकातच तसं आहे."

बराच वेळ ती काही बोलली नाही. कंदिलाची वात थोडी खाली केली आणि म्हणाली, "आमच्या वक्ताला बी तसंच चालवून घेतलं."

आजीचं माहेर पाण्याखाली होतं. उन्हाळ्यात धरणाचं पाणी उतरलं की काठाला जुन्या जोत्यांचे दगड उघडे पडतात. त्यातलं आपलं कुठलं, हे ती लांबूनच बोटाने दाखवायची. मुळा आणि निळा या नद्यांच्या संगमाजवळ टाटांच्या वीज कंपनीने धरण बांधायचं ठरवलं, तेव्हा ती आठ-नऊ वर्षांची होती. मावळातली पन्नासएक गावं त्या पाण्यात जाणार होती. साठवलेलं पाणी डोंगरातून पलीकडे कोकणात भिऱ्याला सोडायचं आणि तिथे होणारी वीज मुंबईला न्यायची, अशी ती योजना. पाणी आमचं, उतार कोकणाचा आणि दिवे मुंबईचे.

१९२१च्या रामनवमीला मुळशी पेट्यातले मावळे धरणाच्या कामावर जाऊन बसले. 'जान किंवा जमीन' ही त्यांची घोषणा. आजी सांगायची ती मात्र घोषणेची गोष्ट नसायची. त्या दिवशी तिच्या आईने भाकऱ्या बांधून दिल्या आणि बाप ओल्या डोळ्यांनी निघाला, एवढंच तिला आठवायचं. लहान पोरांना कुणी काही सांगत नव्हतं. घरात सारखा एकच शब्द ऐकू यायचा, 'कागद'. कागद आलाय. कागदावर काय आहे. कागद पुण्याला नेऊन कुणाला तरी दाखवला पाहिजे.

जमिनी घेतल्या त्या १८९४च्या भूसंपादन कायद्याने. तो कायदा इंग्रजीत होता आणि सगळं तोललं होतं 'पब्लिक पर्पज' या दोन शब्दांवर. सार्वजनिक कारणासाठी सरकार जमीन घेऊ शकतं. त्या 'सार्वजनिक' शब्दात मुंबईच्या गिरण्या बसल्या, भाताची खाचरं बसली नाहीत. त्यातच बऱ्याच जमिनी पुण्याच्या सावकारांकडे गहाण पडलेल्या होत्या. सावकाराला जमीन म्हणजे आकडा होता, तो मोबदला घ्यायला तयार झाला. कसणाऱ्याकडे ना कागद होता, ना कागदाची भाषा. १९२४च्या अखेरीस लढा मोडला आणि १९२७पर्यंत धरण उभं राहिलं. अभ्यासक राजेंद्र व्होरा यांनी या लढ्यावरच्या आपल्या इंग्रजी ग्रंथाच्या नावातच त्याला जगातली पहिली धरणविरोधी चळवळ म्हटलं आहे. आजीच्या लेखी ती बापाने हरलेली लढाई होती.

त्या लढ्याचे सेनापती पांडुरंग महादेव बापट. 'सेनापती' हे नाव त्यांना मुळशीनेच दिलं. पारनेरचा हा मुलगा डेक्कन कॉलेजात शिकला आणि १९०४ साली शिष्यवृत्ती मिळवून इंजिनिअरिंगसाठी थेट एडिंबरोला गेला. म्हणजे इंग्रजी त्यांना आमच्या तालुक्यातल्या कुणाहीपेक्षा जास्त येत होती. आजीच्या गोष्टीत मात्र बापट इंग्रजी बोलत नाहीत. ते ओट्यावर बसून, कागदात काय लिहिलंय ते मराठीत समजावून सांगतात. पुढे धरणाकडे जाणारी रेल्वे अडवल्याबद्दल त्यांना सात वर्षांची शिक्षा झाली. आजी म्हणायची, "त्यो मानूस शिकून आला आन् आमच्याशी आमच्यावानी बोलला." शिकणं म्हणजे काय, याची तिची व्याख्या ही एवढीच. त्या ओट्यावरूनच आमच्या घरचा नियम आला असावा, असं मला आता वाटतं.

दुसऱ्या दिवशी मी वही दाखवली आणि आजीचा प्रश्न सरांना सांगितला. वर्ग हसला. सर हसले नाहीत. त्यांनी फळ्यावर 'द लँड वॉज टेकन' लिहिलं, पुढे 'बाय' लिहून जागा मोकळी सोडली आणि म्हणाले, "व्याकरणात कर्ता गाळता येतो. पण गाळायचा की ठेवायचा, हे लिहिणारा ठरवतो. वाचणाऱ्याने तो शोधायचा असतो." मग खडू खाली ठेवून ते म्हणाले, "आणि मराठीतही बघा. सरकारी पत्रात काय असतं? 'कळविण्यात येते', 'निर्णय घेण्यात आला आहे'. कोण कळवतंय? कोणी घेतला?" त्या तासाला मला पहिल्यांदा वाटलं की इंग्रजी हा पस्तीस मार्कांचा विषय नाही.

घरात इंग्रजी याआधीही येऊन गेली होती, वेगळ्या वाटेने. आजोबांचे धाकटे भाऊ, आमचे तात्या, मुंबईला डबे पोचवायचे. मुंबईच्या डबेवाल्यांतले बहुतेक मावळ, मुळशी, खेड, जुन्नर या पट्ट्यातले. शेती पोटाला पुरत नव्हती, काहींची तर राहिलीच नव्हती. ज्या शहराच्या विजेसाठी शेतं बुडाली, त्याच शहराची दुपारची भाकरी आमच्या माणसांनी डोक्यावरून वाहिली. तात्या शाळेत गेले नव्हते, पण डब्याच्या झाकणावरची अक्षरं त्यांना पाठ होती. 'व्हीएलपी' म्हणजे विलेपार्ले, अमुक अक्षर म्हणजे अमुक इमारत, पुढचा आकडा म्हणजे मजला. गणपतीला गावी आले की अंगणातल्या ओल्या मातीत काटकीने ती अक्षरं काढून मला ओळखायला लावायचे. शाळेत पाचवीला एबीसीडी सुरू व्हायच्या आधी अर्धी अक्षरं मी अशी स्टेशनांच्या नावांनी शिकलो. तात्या म्हणायचे, "एक अक्षर चुकलं तर कुनीतरी उपाशी राहतं." अक्षराची एवढी किंमत मला कुठल्याच पुस्तकाने सांगितली नाही.

आप्पांची, म्हणजे माझ्या वडिलांची गोष्ट निराळी. बाळासाहेब खेरांच्या काळात मुंबई राज्यात पाचवी ते सातवीचं इंग्रजी काढून ते आठवीपासून ठेवलं होतं. मातृभाषेत पाया पक्का व्हावा, हा त्यामागचा विचार प्रामाणिक होता. पण आप्पांनी पहिलं 'ए' गिरवलं ते चौदाव्या वर्षी, औत धरून घट्टे पडलेल्या हातांनी, आणि चार वर्षांत, जुन्या अकरावीला, त्यांना शहरातल्या पोरांच्या बरोबरीने पेपर लिहायचा होता. त्यांनी तर्खडकरांची भाषांतर पाठमाला घेतली. मराठी वाक्याचं इंग्रजी, इंग्रजीचं मराठी, रोज एक पाठ, बैलांना वैरण टाकून झाल्यावर. त्यांचा उच्चार कधी सुधारला नाही. पण बँकेचा, कोर्टाचा, वीजमंडळाचा कुठलाही इंग्रजी कागद गावात आला की लोक आमच्या पडवीत यायचे आणि आप्पा तो दोनदा मनात वाचून मग मराठीत सांगायचे. न कळलेला शब्द ते कधी झाकत नसत. "एवढा एक शब्द उद्या विचारून सांगतो," म्हणत.

आता तालुका ओळखू येत नाही. हिंजवडी आमच्याच मुळशी तालुक्यातली. भाताच्या शिवारावर आयटी पार्क उभं राहिलं. पौडजवळ खुबवलीच्या टेकडीवर १९९७ साली महिंद्रा युनायटेड वर्ल्ड कॉलेज आलं आणि देशोदेशीची मुलं आमच्या एसटी स्टँडवर वडापाव खाताना दिसू लागली. २००० साली शिक्षणमंत्री रामकृष्ण मोरे यांनी पहिलीपासून इंग्रजी आणलं. खेड्यातल्या पोरांनी चौदाव्या वर्षापर्यंत का थांबावं, हा त्यांचा प्रश्न आप्पांना मनापासून पटला होता. आज वाड्यावस्त्यांवर पिवळ्या बस येतात आणि चार वर्षांची पोरं इंग्रजी कविता म्हणत त्यात चढतात.

त्या पोरांचा मला अभिमान वाटतो आणि काळजीही वाटते. त्यांना संध्याकाळी "आता मराठीत सांग" असं कुणी म्हणतं का? पाठ झालेलं आणि कळलेलं यांतला फरक आजीला अक्षर न वाचता कळायचा, कारण मी ते तिच्या भाषेत आणून दाखवायचो. जे आपल्या भाषेत सांगता येत नाही, ते आपल्याला कळलेलं नसतं. इंग्रजी प्रत्येक पोराला यायलाच हवी, चांगली यायला हवी, वाडीवरच्या शाळेतही. पण ती मराठीच्या ओट्यावर बसून यायला हवी.

गेल्या वर्षी थोरल्या भावाकडे जमिनीच्या विकसनाच्या कराराचा मसुदा आला. चाळीसेक पानं, सगळी इंग्रजीत. सोबत कुलमुखत्यारपत्र. आणणारा माणूस गोड बोलणारा होता. "रुटीन आहे, फक्त सह्या," म्हणाला. दहावीतली पुतणी तिथेच अभ्यास करत बसली होती. तिने पानं मागून घेतली. माझी आई आता त्याच खांबाला टेकून बसते. पोरगी एकेक वाक्य वाचायची आणि आजीला मराठीत सांगायची. 'इरिव्होकेबल'पाशी ती थांबली, शब्दकोश बघितला आणि म्हणाली, "म्हणजे एकदा दिलं की परत घेता येत नाही." भाऊ सरसावून बसला.

पुढे अकराव्या पानावर ती पुन्हा थांबली. 'पझेशन हॅज बीन हँडेड ओव्हर.' पेन्सिलने तिने त्याखाली रेघ ओढली आणि मान वर केली.

"आजी, ताबा देण्यात आला आहे, असं लिहिलंय. कुणी दिला?"

आणणाऱ्या माणसाने घड्याळाकडे बघितलं. भावाने पेनाचं टोपण लावून पेन खिशात ठेवलं.