उपग्रहचित्र-लेबलिंग (ऑनलाइन जनसमूहाकडून)

उपग्रहांनी टिपलेल्या चित्रांचे लहान तुकडे करून ते इंटरनेटवरून जमवलेल्या माणसांना दाखवणे आणि प्रत्येक तुकड्यात काय दिसते (शेत, जंगल, पाणी, वस्ती, बर्फावर पहुडलेला सील) याची नोंद त्यांच्याकडून करवून घेणे, अशी ही संशोधनपद्धती आहे. नोंद करणारे कधी स्वयंसेवक असतात, कधी बक्षिसासाठी उतरलेले स्पर्धक, तर कधी नगागणिक मजुरी घेणारे कामगार. त्यांच्या नोंदी दोन कारणांसाठी वापरल्या जातात : तयार भूआवरण नकाशांची तपासणी आणि नकाशे काढणाऱ्या संगणक प्रणालींचे शिक्षण.

पूर्वपीठिका : ‘अ‍ॅमेझॉन मेकॅनिकल टर्क’ हा सुट्या ऑनलाइन कामांचा बाजार नोव्हेंबर २००५ मध्ये सुरू झाला. उपग्रहचित्रे पाहण्यासाठी त्याचा गाजलेला पहिला वापर पर्यावरणाशी संबंधित नव्हता. जानेवारी २००७ मध्ये संगणकशास्त्रज्ञ जिम ग्रे सॅन फ्रान्सिस्कोजवळच्या समुद्रात नौकेसह बेपत्ता झाले, तेव्हा हजारो लोकांनी या बाजारावरून समुद्राची चित्रे चाळली. ग्रे सापडले नाहीत. त्याच वर्षी सप्टेंबरात वैमानिक स्टीव्ह फॉसेट यांच्यासाठीही असाच शोध झाला. त्यांच्या विमानाचे अवशेष पुढच्या वर्षी एका पदयात्रीला त्यांची ओळखपत्रे सापडल्यामुळे मिळाले. चित्रे पाहणाऱ्यांना ते दिसले नव्हते. २००८ मध्ये लँडसॅट उपग्रहांचा चित्रसंग्रह सर्वांसाठी मोफत खुला झाला आणि शास्त्रज्ञांपुढे पाहणाऱ्या डोळ्यांपेक्षा चित्रे अधिक अशी स्थिती निर्माण झाली.

जिओ-विकी : या पद्धतीचा सर्वांत तपशीलवार नोंदलेला प्रकल्प हाच आहे. व्हिएन्नाजवळच्या लाक्सनबुर्ग येथील उपयोजित प्रणाली-विश्लेषणाच्या आंतरराष्ट्रीय संस्थेत स्टेफेन फ्रिट्झ, लिंडा सी, इयन मॅकॅलम व त्यांच्या सहकाऱ्यांनी तो २००९ मध्ये उभा केला. जागतिक भूआवरणाचे तीन प्रमुख नकाशे (जीएलसी-२०००, मोडिस व ग्लोबकव्हर) एकमेकांवर ठेवले असता लागवडीखालील जमीन आणि जंगल यांबाबत त्यांत मोठी तफावत आढळत होती. जेथे नकाशांचे पटत नाही तेथील गुगल अर्थचे चित्र माणसाला दाखवावे आणि त्याचे मत घ्यावे, ही मूळ कल्पना.

२०११ च्या ‘मानवी प्रभाव’ स्पर्धेत ६० हून अधिक जणांनी सुमारे ५३ हजार नोंदी केल्या. मोबदला म्हणून आघाडीच्या स्पर्धकांना खरेदीची कुपने आणि शोधनिबंधाचे सहलेखकत्व देण्यात आले. सहलेखकत्व हे या प्रकल्पाचे वेगळेपण होय. चित्र पाहणाऱ्याचे नाव शोधनिबंधावर येणे इतरत्र दुर्मीळ आहे. जैवइंधनाची पिके घेण्याजोगी जमीन जगात किती, हा प्रश्न त्या वेळी धोरणकर्त्यांपुढे होता. आधीच्या एका अभ्यासाने ती ३२ कोटी ते १४१.१ कोटी हेक्टर सांगितली होती. स्पर्धेतील नोंदींच्या आधारे २०१३ मध्ये हा अंदाज ५.६ कोटी ते १०३.५ कोटी हेक्टरांवर आणण्यात आला, कारण ‘उपलब्ध’ ठरवलेल्या बऱ्याच जमिनीवर आधीच शेती होत असल्याचे चित्रांत दिसत होते. दूरच्या कार्यालयात रिकामी समजली गेलेली जमीन कोणाची तरी वहिवाटीची असते, हे आकड्यांनिशी दाखवणारे हे काम या क्षेत्रातील सर्वांत मोलाचे मानावे लागेल.

त्यानंतर ‘क्रॉपलँड कॅप्चर’ हा खेळ आला (नोव्हेंबर २०१३ ते मे २०१४). चौकटीत शेतजमीन आहे का, या एकाच प्रश्नाला ‘हो’, ‘नाही’ किंवा ‘कदाचित’ असे उत्तर द्यायचे. जवळपास तीन हजार खेळाडूंनी ४५ लाखांच्या आसपास उत्तरे दिली. सप्टेंबर २०१६ मधील शेतजमीन मोहिमेत सुमारे ८० जणांनी जगभरातील जवळजवळ ३६ हजार ठिकाणे तपासली. जून २०१७ च्या मोहिमेत सुमारे १ लाख ३० हजार ठिकाणी शेताचा आकार नोंदवला गेला. तेथे ‘फार मोठे’ म्हणजे १०० हेक्टरांवरचे आणि ‘फार लहान’ म्हणजे ०.६४ हेक्टरांखालचे शेत, असे पाच गट होते. लहान शेतकऱ्यांकडे जगाच्या शेतजमिनीपैकी ४० टक्क्यांपर्यंत वाटा असावा, असा निष्कर्ष त्यातून काढण्यात आला. तोवरचा प्रचलित अंदाज २४ टक्क्यांचा होता.

माणसे मिळवणे : स्वयंसेवक मुख्यतः तीन मार्गांनी मिळतात : विद्यापीठांचे विद्यार्थी, पर्यावरणाची आवड असलेल्यांचे गट आणि झूनिव्हर्ससारखी नागरिक-विज्ञानाची व्यासपीठे. मोबदल्याच्या कामात मात्र बाजारच माणसे पुरवतो. लिंडन एस्टेस व सहकाऱ्यांच्या ‘डीआयवाय-लँडकव्हर’ प्रकल्पात मेकॅनिकल टर्कवरील कामगारांना दक्षिण आफ्रिकेतील शेतांच्या कडा माउसने रेखाटायच्या होत्या. काम मिळण्यापूर्वी पात्रता चाचणी असे आणि मधूनमधून उत्तर आधीच ठाऊक असलेली चित्रे न सांगता पुढे ठेवून गुण दिले जात. २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षानुसार नवख्या कामगारांची अचूकता सुमारे ९१ टक्के होती.

मोबदला : २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका विश्लेषणात मेकॅनिकल टर्कवरील कामगारांची मध्यक कमाई ताशी सुमारे २ डॉलर आढळली. काम शोधण्यात गेलेला आणि नाकारलेल्या कामावर खर्च झालेला वेळही तीत धरला होता. पर्यावरणविषयक शोधनिबंधांत उपग्रहाचे नाव, चित्राची तारीख व पिक्सेलचा आकार काटेकोरपणे येतो; लेबल लावणाऱ्याला तासाला काय मिळाले, ही माहिती बहुधा येत नाही. ही उणीव गंभीर आहे. नाकारलेल्या कामाचे पैसे बुडतात आणि कामगाराची गुणनोंदही घसरते. काम देणाऱ्यांविषयी कामगारांना आपसांत मत नोंदवता यावे यासाठी लिली इराणी व सिक्स सिल्बरमन यांनी ‘टर्कॉप्टिकॉन’ हे साधन तयार केले.

अचूकता आणि सामायिक चूक : एकच चित्र अनेकांना दाखवून बहुमत घेणे हा सर्वपरिचित उपाय. त्याहून बारकाईची रीत ए. पी. डेव्हिड व ए. एम. स्कीन यांनी १९७९ मध्ये मांडली. खरे उत्तर कोणालाच ठाऊक नसताना प्रत्येक निरीक्षकाच्या चुकांचे प्रमाण आणि संभाव्य खरे उत्तर ही दोन्ही एकत्रच काढता येतात. मूळ उदाहरण रुग्णांची तपासणी करणाऱ्या डॉक्टरांचे होते. आज उपग्रहचित्रांसाठीही ही रीत वापरली जाते.

दोन्ही उपायांमागे एक गृहीत आहे : माणसे चुकतात ती आपापल्या परीने, एकमेकांपासून स्वतंत्रपणे. चुका अशा विखुरलेल्या असतील तर त्या परस्परांना खोडून काढतात. अनोळखी भूप्रदेशाबाबत हे गृहीत टिकत नाही. पडीक टाकलेले शेत आणि गवताळ माळ यांतला फरक ज्यांनी पाहिलेला नाही, ते सगळे एकाच दिशेने चुकतात आणि माणसे वाढवली की चूक अधिक ठाम होते. कार्ल सॉल्क व सहकाऱ्यांनी क्रॉपलँड कॅप्चरच्या नोंदींवरून बहुमताच्या या मर्यादा मांडल्या आहेत. २०११ च्या स्पर्धेच्या तपासणीतही हेच अंशतः दिसते. जमिनीवर मानवी प्रभाव किती, हे सांगण्यात तज्ज्ञ व सामान्य यांत फारसा फरक नव्हता; भूआवरणाचा प्रकार ओळखण्यात मात्र तज्ज्ञ सरस ठरले. सरावाने सामान्यांची कामगिरी सुधारत गेली, हीही नोंद आहे.

तज्ज्ञांमध्ये एकवाक्यता असते असे नाही. अन्न व कृषी संघटनेच्या पुढाकाराने शुष्क प्रदेशांतील दोन लाखांहून अधिक चौकटी प्रशिक्षित निरीक्षकांनी पाहिल्या आणि २०१७ मध्ये तेथील जंगल आधीच्या अंदाजांपेक्षा बरेच अधिक असल्याचे जाहीर झाले. त्यावर लगेच आक्षेप आले. जंगल कशाला म्हणायचे, हा वाद त्यामागे आहे.

प्राणी व समुद्र : ‘टॉमनॉड’ या व्यासपीठावर (२०१०–१९) तीन लाखांहून अधिक स्वयंसेवकांनी अंटार्क्टिकाची चित्रे चाळून सील असलेल्या जागा शोधल्या. या जागांच्या आधारे २०२१ मध्ये वेडेल सीलच्या माद्यांची संख्या सुमारे २ लाख २ हजार काढण्यात आली. ‘फ्लोटिंग फॉरेस्ट्स’ प्रकल्पात लँडसॅट चित्रांवरून समुद्रातील केल्प या शैवालाची वने रेखाटली जातात.

यंत्रशिक्षण : गुगल व वर्ल्ड रिसोर्सेस इन्स्टिट्यूट यांच्या ‘डायनॅमिक वर्ल्ड’ या १० मीटर पिक्सेलच्या नकाशासाठी (२०२२) सुमारे २४ हजार चित्रफलकांना लेबले लावण्यात आली. त्यासाठी २५ जणांचा एक जाणकार गट होता आणि ४५ जण व्यावसायिक लेबलिंग सेवेकडून आलेले होते. म्हणजे साऱ्या पृथ्वीच्या नकाशामागची मानवी नजर ७० माणसांची. याउलट पश्चिम आफ्रिकेतील सहारा व साहेलमधील १.८ अब्ज झाडांच्या गणनेसाठी (२०२०) संशोधकांनी जनसमूहाकडे न जाता सुमारे ९० हजार झाडे स्वतःच रेखाटली.

भारत व महाराष्ट्र : २०१० च्या सुमाराच्या एका पाहणीत मेकॅनिकल टर्कवरील सुमारे एक तृतीयांश कामगार भारतीय होते. राजस्थानातील वीटभट्ट्या ओळखण्याचे काम झूनिव्हर्सवरील स्वयंसेवकांनी केले. तो अभ्यास नॉटिंगहॅम विद्यापीठाचा (२०१८) आणि दक्षिण आशियातील वीटभट्ट्यांच्या पट्ट्यात ५५,३८७ भट्ट्या असाव्यात हा अंदाज त्यातलाच. शासकीय भूवापर नकाशे मात्र हैदराबादचे राष्ट्रीय सुदूर संवेदन केंद्र आणि नागपूरचे महाराष्ट्र सुदूर संवेदन उपयोजन केंद्र यांसारख्या संस्थांतील प्रशिक्षित कर्मचारी करतात.

महाराष्ट्राची जमीन दुरून पाहणाऱ्याला विशेष चकवते. जून ते सप्टेंबर ढग असल्याने स्वच्छ चित्रे बहुधा हिवाळ्या-उन्हाळ्यातील मिळतात. त्यांत कोकणचे सडे उघडे खडक दिसतात. पावसाळ्यात त्याच कातळावर उगवणारी वनस्पतींची दाटी चित्रात येत नाही. देशावरचे गवताळ माळ ‘पडीक’ या नोंदीत जातात, जरी त्यांवर लांडगा आणि धनगरांची मेंढरे जगतात. भारतीय वन सर्वेक्षणाच्या व्याख्येत एक हेक्टरापेक्षा मोठी आणि १० टक्क्यांहून अधिक वृक्षछत्र असलेली कोणतीही जमीन वनाच्छादनात मोडते, म्हणून हापूसची बाग आणि देवराई एकाच रंगात येतात. अशा ठिकाणी हजार अनोळखी नजरांपेक्षा त्या गावच्या गुराख्याची नोंद अधिक भरवशाची ठरेल. लेबलांची यादी ठरवतानाच स्थानिकांना बरोबर घेतले पाहिजे. नंतर केवळ उत्तरे मागून ही त्रुटी भरून निघत नाही.

खुली माहिती : जिओ-विकीच्या २०१६ व २०१७ च्या मोहिमांतील नोंदी अक्षांश-रेखांशांसह सर्वांना मोफत उपलब्ध आहेत. त्यांतील आपल्या भागातील ठिकाणे प्रत्यक्ष जमिनीशी ताडून पाहणे कोणाही वाचकाला शक्य आहे.